सॅमहेन म्हणजे श्मशान नव्हे

मीठभाकर

परवा आमच्या इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आलं, तेव्हापासून डोकं तापलेलं आहे. थोडक्यात ते असं: हॅलोवीन हा 'सॅमहेन' नावाच्या मृत्युदेवाचा सण. सॅमहेन म्हणजेच आपलं श्मशान. त्या रात्री ड्रुइड पुजारी लहान मुलं जाळायचे. मूळ कल्पना आपल्या सर्वपित्रीची, त्यांनी ती उचलली आणि बिघडवली. आता परदेशातले मराठी आईबाप पोरांना परक्यांच्या दारी भीक मागायला पाठवतात आणि नकळत सैतानाची पूजा करवतात. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, ते वाढत गेलं, म्हणून इथे टाकते.

मी अकरा वर्षं आयर्लंडमध्ये, मीथ काउंटीत राहते. पहिलं म्हणजे, 'सॅमहेन' असा उच्चारच नाही. म्हणतात 'साउन'. आणि तो देव नाही, महिना आहे. आयरिशमध्ये नोव्हेंबरला साउन म्हणतात. माझ्या मुलीच्या शाळेच्या वहीत तारखेपुढे तेच लिहिलेलं असतं. ३१ ऑक्टोबरची रात्र ती 'ईहा हाउना', साउनची रात्र. मृत्युदेव ही अठराव्या शतकातल्या चार्ल्स व्हॅलन्सी नावाच्या ब्रिटिश लष्करी इंजिनियरची कल्पना. त्याने आयरिश शब्दांचे वाटेल तसे अर्थ लावले आणि पुढच्यांनी ते न तपासता उतरवून घेतले. सर्वपित्रीचं म्हणाल तर ती २०२३ ला १४ ऑक्टोबरला होती, २०२४ ला २ ऑक्टोबरला. ३१ तारखेपर्यंत ती कधी पोचतच नाही.

साउन म्हणजे उन्हाळा संपला. डोंगरातल्या कुरणांवरून गुरं खाली आणायची, हिवाळाभर पोसता येणार नाहीत ती कापायची. आमच्यापासून वीस मिनिटांवर अ‍ॅथबॉयजवळ ट्लाख्टगा नावाची टेकडी आहे. सतराव्या शतकातल्या जेफ्री कीटिंगने लिहिलंय की साउनच्या आदल्या रात्री सगळ्यांनी आपापल्या चुली विझवायच्या आणि त्या टेकडीवरच्या आगीवरून पुन्हा पेटवायच्या. पुढे चर्चने हा जुना सण पुसायला त्याच तारखेवर सगळ्या संतांचा दिवस बसवला.

लोकांना भीती होती ती टेकाडांखाली राहणाऱ्या 'शी' लोकांची, म्हणजे तिथल्या पऱ्यांची. त्या रात्री त्यांची दारं उघडतात. म्हणून अंधारात दाराबाहेर पाणी फेकायचं तर आधी ओरडून सांगायचं, नाहीतर त्यांच्या अंगावर उडेल. साउननंतर रानातल्या ब्लॅकबेरी खायच्या नाहीत, कारण पूका नावाचं भूत त्यांच्यावर थुंकून जातं. माझी आजी तिन्हीसांजेला अंगणात पाणी टाकताना 'सरा रे बाबांनो' म्हणायची. इथे आल्यावर हे ऐकलं तेव्हा मी थबकलेच.

पण फॉरवर्डवाल्यांना जे ठाऊकच नाही ते पुढे आहे. त्या रात्रीचा मोठा भाग भुतांचा नव्हताच, लग्नांचा होता. बार्मब्रॅक नावाच्या मनुकांच्या पावात अंगठी, नाणं, चिंधी, काडी आणि वाटाणा घालून भाजायचा. अंगठी आली तर वर्षाच्या आत लग्न, नाणं आलं तर पैसा, चिंधी म्हणजे दारिद्र्य, काडी म्हणजे मार खायचा संसार, वाटाणा म्हणजे यंदा लग्न नाही. चुलीच्या कडेला दोन हेझलनट ठेवायचे, एकाला मुलीचं नाव, एकाला मुलाचं. शेजारी शांत जळले तर जमलं, एक उडाला तर मोडलं. सफरचंदाची साल अखंड सोलून डाव्या खांद्यावरून मागे टाकायची, पडेल ते नवऱ्याच्या नावाचं अक्षर. स्कॉटलंडमध्ये डोळे मिटून केल नावाच्या कोबीसारख्या भाजीचं झाड उपटायचे. मुळाला माती जास्त तर हुंडा जास्त. तिथला कवी रॉबर्ट बर्न्स याने १७८५ मध्ये यातलं बरंच कवितेत घालून ठेवलंय.

आणि बश्यांचा खेळ. डोळे बांधून समोरच्या बश्यांवर हात न्यायचा. अंगठीवर पडला तर लग्न. पाण्यावर पडला तर समुद्र ओलांडून जाणार. मातीवर पडला तर वर्षाच्या आत मरण. १८४५ मध्ये सुरू झालेल्या दुष्काळात या देशातली दहा लाख माणसं मेली आणि तितकीच किंवा त्याहून जास्त बोटीत बसून गेली. त्या घरांत पाण्याची बशी कशी वाटत असेल याचा विचार करा आणि मग सैतानाची पूजा म्हणा.

हे सांगोवांगी नाही. १९३७ ते १९३९ या काळात इथल्या लोककथा आयोगाने सुमारे पाच हजार शाळांतल्या पन्नासेक हजार पोरांना आजीआजोबांकडून ऐकलेलं वह्यांत लिहायला लावलं. आज ते घरबसल्या वाचता येतं. मी कित्येक रात्री तेच वाचत बसते. मुलं जाळल्याचं तिथे मला कुठे सापडलं नाही. पोरांनी शेजाऱ्यांची फाटकं बिजागरीतून काढून लांब नेऊन टाकली, धुराड्यावर मातीचं ढेकूळ ठेवून घरात धूर कोंडला, दारावर कोबीचे गड्डे फेकले, हे मात्र पानोपानी.

भिकेचं राहिलं. दारोदार जाणाऱ्या पोरांना गाणं किंवा कविता म्हणावी लागायची, तेव्हा कुठे सफरचंद नाहीतर मूठभर कवचाची फळं मिळायची. याला भीक म्हणायचं तर बऱ्याच गोष्टींना म्हणावं लागेल.

जुनाजाणता

ताई, कष्ट घेऊन लिहिलंय, वाचलं. पण तुमचा सूर मला खटकला. फॉरवर्ड चुकीचं असेल, त्यामागचं दुःख चुकीचं नाही.

२०२४ साली ३१ ऑक्टोबरला नरक चतुर्दशी होती. पहाटे उटणं, कारीट फोडणं, फराळ सगळं झालं. संध्याकाळी आमच्या सोसायटीत दहा-बारा पोरं तोंडाला लाल रंग फासून, गळ्यात खोट्या सुऱ्या अडकवून दारात उभी. पणतीच्या उजेडात ते रक्ताळलेलं तोंड बघून आमच्या सौ. दचकून मागे सरल्या. एकाही पोराला कारीट का फोडतात ते सांगता आलं नाही. तुमच्या बर्न्सची कविता त्यांना माहीत नव्हती आणि आपली नरकासुराची गोष्टही नव्हती. दोन्हीकडचं काहीच नाही.

आणि शब्दाचं म्हणाल तर 'साम' म्हणजे उन्हाळा हे तुमच्याच लोकांनी मानलंय ना? मग तो आपला 'समा' आहे. ईशोपनिषदात 'जिजीविषेच्छतं समाः' आहे, शंभर वर्षं जगण्याची इच्छा धरावी. श्मशान नसेल, पण शब्द आपलाच निघाला.

बाराखडी

जुनाजाणता, अर्धं बरोबर आहे आणि ते मान्य करायलाच हवं. आयरिश 'साम', संस्कृत 'समा', इंग्रजी 'समर' ही एकाच मुळाची भावंडं. पण भावंडं म्हणजे एक दुसऱ्याचं अपत्य नव्हे. तुमचा चुलतभाऊ तुमच्यापासून जन्मला का? शिवाय साउनमध्ये हाच 'साम' आहे का, यावरही एकमत नाही. 'उन्हाळ्याचा शेवट' ही फोड मध्ययुगीन आयरिश पोथीतली. काही भाषातज्ज्ञ तो शब्द 'मेळावा' या अर्थाचा मानतात. श्मशानाचा संबंध मात्र कुठूनच नाही.

आता धागाकर्तीला. मीठभाकर, फॉरवर्डला उत्तर देताना तुम्हीही एक ऐकीव गोष्ट छापलीत. चर्चने जुना सण पुसायला संतांचा दिवस त्या तारखेवर बसवला, हे पुराव्यात बसत नाही. इ.स. ८०० च्या सुमारास १ नोव्हेंबरला सर्व संतांचा दिवस इंग्लंडमध्ये आणि जर्मनीत पाळायला लागले होते. ८३५ मध्ये पोप चौथ्या ग्रेगरीच्या काळात फ्रँकांच्या, म्हणजे आजच्या फ्रान्स-जर्मनीकडच्या, राज्यभर तो लागू झाला. आणि त्या काळात आयर्लंडचं चर्च हा दिवस कधी पाळत होतं? २० एप्रिलला. ज्या देशात साउन होता तिथे तारीख वेगळी होती. मग पुसलं कुणी? रोनाल्ड हटन या इतिहासकाराने हे नीट मांडलंय. साउन हा ख्रिस्तपूर्व काळात मृतांचा सण होता, यालाही त्या काळातला पुरावा नाही. तो समज एकोणिसाव्या शतकाअखेरच्या ऱ्हीस आणि फ्रेझर या अभ्यासकांच्या लिखाणातून पसरला. मृतांचा दिवस, २ नोव्हेंबर, हा फ्रान्समधल्या क्लूनीच्या ओडिलो मठाधिपतीचा, दहाव्या-अकराव्या शतकाच्या सांध्यावरचा. म्हणजे मेलेल्यांची आठवण हा यातला शुद्ध ख्रिस्ती भाग आहे. सगळं चांगलं ते जुनं आणि चर्चने ते चोरलं, हाही एक फॉरवर्डच.

मीठभाकर

२० एप्रिलचं मला माहीत नव्हतं. चर्चवालं वाक्य मागे घेते. इथल्या माहितीफलकांवरसुद्धा तेच लिहिलेलं असतं, पण फलकावर आहे म्हणून खरं, असं मी म्हणणार नाही, कारण मग ग्रुपवाल्यांत आणि माझ्यात फरक काय राहिला.

जुनाजाणता, पोरांना दोन्हीकडचं काही माहीत नाही हे तुमचं म्हणणं पटलं. पण त्यावर उपाय म्हणून त्यांना श्मशान सांगायचं?

मांडवीकाठ

बाराखडी, धन्यवाद. आम्ही गोव्यातले ख्रिस्ती. २ नोव्हेंबरला आईबाबांच्या थडग्यावर फुलं आणि मेणबत्त्या लावतो, नावं घेतो, घरी येतो. ते फॉरवर्ड मलाही आलंय, ज्यांच्याबरोबर मी शाळेत डबा वाटून खाल्ला त्यांच्याकडून. 'सैतानाची पूजा' हे शब्द वाचून वाईट वाटलं एवढंच सांगायला आले. आमच्या वाड्यावर नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्रभर दहा-पंधरा हात उंच, दात विचकलेले नरकासुर फिरतात आणि पहाटे जाळतात. आम्ही लहानपणी गॅलरीतून बघायचो आणि पांघरुणात शिरायचो. त्याला कुणी राक्षसाची पूजा म्हटलं तर आम्हीच आधी भांडायला जाऊ.

गारगार

थोडं अवांतर, पण मला बोलायचंच आहे. आयर्लंड प्रजासत्ताकात परवान्याशिवाय खरे फटाके विकणं, जवळ बाळगणं बेकायदा आहे. दिवाळीला मी पोरांच्या हातात फुलबाजी देऊन गप्प बसतो. आणि हॅलोवीनच्या आधी दोन-तीन आठवडे डब्लिनमध्ये आमच्या भागात रोज रात्री बार उडतात. उत्तरेकडून सीमा ओलांडून आणतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. आमचा कुत्रा महिनाभर सोफ्याखालून बाहेर येत नाही. कायदा पाळणाऱ्याची दिवाळी सुनी, हे मला दरवर्षी लागतं.

सातासमुद्री

मी अमेरिकेतून. तिकडच्या समजुती जुन्या, पण इथली सगळ्यात पक्की समजूत नवी आहे: अनोळखी माणसं गोळ्यांत विष आणि ब्लेड घालतात. आल्यावर पहिल्या वर्षी मी मुलाची अख्खी पिशवी टेबलावर उपडी केली आणि एकेक चॉकलेट सुरीने कापून बघितलं. तो बाजूला उभा राहून रडत होता. मला वाटत होतं, मी जबाबदार आई आहे.

मग वाचलं. डेलावेअर विद्यापीठातल्या जोएल बेस्ट या समाजशास्त्रज्ञाने १९५८ पासूनच्या बातम्या तपासल्या. अनोळखी माणसाने दारी आलेल्या पोराला विष देऊन मारल्याचं एकही पक्कं प्रकरण त्यांना सापडलं नाही. १९७४ मध्ये टेक्सासात एक आठ वर्षांचा मुलगा खरोखर सायनाइडने मेला. ते त्याच्या बापाने घातलं होतं, विम्याच्या पैशासाठी. त्या बापाला १९८४ मध्ये मृत्युदंड झाला. मग १९८२ मध्ये शिकागोत कुणीतरी दुकानातल्या टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या गोळ्यांत सायनाइड घातलं, सात माणसं गेली, आणि ती भीती थेट हॅलोवीनच्या पिशवीत येऊन बसली.

टेकाडाखालच्या लोकांना घाबरणाऱ्या आयरिश आजीला आपण मागासलेली म्हणतो. मी एम.एस्सी. झालेली बाई सुरी घेऊन बसले होते.

रानमेवा

मला तर ती फाटकं पळवण्याची गोष्ट वाचून गाव आठवलं! आम्ही रत्नागिरीकडचे. शिमग्याला होळीची लाकडं चोरूनच आणायची. विकत आणलेल्या लाकडाची कसली होळी? कुणाचं कुंपण, कुणाची मोडकी खाट, कुणाच्या परसातले सोप. मालकाने शिव्या घातल्या की अजून मजा. बोंबा मारायला रान मोकळं. आणि नंतर दारोदार पोस्त मागायची. दिली नाही तर त्या घरापुढे काय काय म्हणायचो ते इथे लिहिता येत नाही. हे सगळं तंतोतंत आयर्लंडच आहे. वर्षातून एक रात्र पोरांची. मोठ्यांनी सोसायचं. गावाला ते लागतं.

जुनाजाणता

'मोठ्यांनी सोसायचं'. कोणत्या मोठ्यांनी, रानमेवा?

सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव. मी नऊ वर्षांचा होतो. वडिलांची पेरणीची पाभर गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेली. बाभळीची, सुताराने दोन वर्षांपूर्वी करून दिलेली. होळीच्या रात्री पोरांनी ती उचलली आणि जाळात घातली. वडील धावत गेले तोवर दिंड पेटलं होतं. सगळं गाव भोवती बोंबा मारत होतं. एकानेही ओढून काढली नाही, कारण होळीत गेलेलं परत काढायचं नाही ही तुमची परंपरा. सुताराचं आधीचं बलुतं थकलेलं, त्याने नवीन लगेच करून दिली नाही. मृगाचा पाऊस पडला, वापसा आला आणि वडील दुसऱ्यांची पेरणी उरकायची वाट बघत बांधावर बसून राहिले. उसनी पाभर मिळेपर्यंत वापसा गेला. त्या वर्षी आम्ही जोंधळा विकत खाल्ला. वडील शेवटपर्यंत होळीला घराबाहेर पडले नाहीत. गावाला ते लागतं म्हणे. पाटलाच्या वाड्यातलं लाकूड कधी चोरलं का त्या पोरांनी?

रानमेवा

काका, वाईट झालं, पण आमच्याकडे शेतीच्या अवजाराला कुणी हात लावत नसे. एका गावच्या वाईट पोरांवरून अख्ख्या शिमग्याला नावं ठेवू नका. आणि मघाशी तुम्हीच म्हणत होता ना की नव्या पोरांना आपलं काही माहीत नाही? आपलं म्हणजे हेच होतं. गाळलेलं, धुतलेलं तेवढंच आपलं, असं नसतं.

जुनाजाणता

'आमच्याकडे नसे' हे तुम्ही पळवणाऱ्यांच्या बाजूने सांगताय. ज्याचं कुंपण गेलं त्याला विचारलंत का कधी?

रानमेवा

विचारलं नाही. नऊ-दहा वर्षांचा पोरगा काय विचारणार? पण तुम्ही मला चोर ठरवून मोकळे झालात. आयुष्यातल्या सगळ्यात सुंदर रात्री होत्या त्या, त्याही आता इथे येऊन धुऊन टाकायच्या का?

मीठभाकर

दोघंही थांबा जरा. मूळ विषय शिमगा नव्हता, पण जुनाजाणता यांचा प्रश्न आयर्लंडलाही लागू आहे. शाळेच्या वह्यांत पोरांनी हसतहसत लिहिलंय की अमक्याची गाडी सुटी करून छपरावर नेऊन पुन्हा जोडली. ती गाडी खाली कुणी आणली, ते त्या वह्यांत नाही. लिहिणारी पोरंच होती ना. मी हे आजवर वाचून हसत आले. फाटक गेल्यावर रात्रीतून गुरं कुठे गेली असतील, हा विचार आज पहिल्यांदा केला.

सातासमुद्री

अमेरिकेतही हेच झालं होतं. मंदीच्या काळात, १९३० नंतरच्या वर्षांत, पोरांचा धुडगूस इतका वाढला की गाड्या उलटवणं, खिडक्या फोडणं सुरू झालं. मग गावोगावी लोकांनी पोरांना खायला देऊन, घरोघरी बोलावून गुंतवायला सुरुवात केली. 'खाऊ द्या नाहीतर खोडी काढू' ही आज गोड वाटणारी आरोळी तेव्हा खरी धमकी होती. युद्धात साखरेचं रेशनिंग आलं आणि ते उठल्यावर, १९४७ नंतर, गोळ्या-चॉकलेटवाल्यांनी तो सण हातात घेतला. म्हणजे ज्याला फॉरवर्डवाले भीक म्हणतात ती तडजोड होती, शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांच्या पोरांशी केलेली.

जुनाजाणता

अशी तडजोड आमच्या गावाने केली असती तर पाभर वाचली असती. एवढं मान्य करतो. भोपळा कोरणं आणि रक्ताळलेली तोंडं मला तरीही आवडत नाहीत.

मीठभाकर

भोपळा तर इथलाही नाही, अमेरिकेतला. इथे सलगम कोरायचे. मेयो काउंटीत कॅसलबारजवळच्या राष्ट्रीय संग्रहालयात डोनेगलकडच्या अशा एका कंदिलाची प्लास्टरची प्रतिकृती ठेवलीय. सुकलेल्या माणसाचं तोंड वाटतं, वळलेले दात, खोल डोळे. मुलीने तिथून बाहेर ओढत नेलं मला.

विवेकवाट

सगळं वाचलं. सगळे मिळून एकाच गोष्टीला कवटाळताय: आजीची समजूत गोड, लोकांची निरागस, आपल्या संस्कृतीसारखीच. आता दुसरी बाजू ऐका.

मार्च १८९५, टिपररी काउंटीतलं बॅलीवॅडली. ब्रिजेट क्लिअरी नावाची तरुण, शिवणकाम करून स्वतः कमावणारी बाई आजारी पडली. नवरा मायकेल म्हणू लागला की ही माझी बायको नाही, 'शी' लोकांनी खरी पळवून तिच्या जागी ही ठेवलीय. घरात तिचा बाप होता, चुलत भावंडं होती. तिला धरून कडू औषधं पाजली, चुलीच्या आगीवर धरलं, 'तू ब्रिजेट आहेस का' असं पुन्हा पुन्हा विचारलं. शेवटी नवऱ्याने तिला जाळलं. आणि मग तो टेकाडावर जाऊन वाट बघत बसला, पांढऱ्या घोड्यावरून खरी बायको परत येईल म्हणून. सदोष मनुष्यवधाबद्दल त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली, त्यातली पंधरा त्याने भोगली.

हेच ते तुमचे टेकाडाखालचे लोक. पाणी फेकताना ज्यांना सांभाळून घ्यायचं ते. आपल्याकडे डाकीण ठरवून बायका मारतात, म्हणून २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा आणावा लागला, आणि त्यासाठी झगडणाऱ्या दाभोलकरांना त्याच वर्षी २० ऑगस्टला गोळ्या घातल्या. 'सरा रे बाबांनो' गोड वाटतं. त्याच्या पुढच्या पायऱ्या बघा.

मीठभाकर

ब्रिजेट क्लिअरी मला माहीत आहे. लिहिताना तिला टाळलं, हे कबूल करते. पण हॅलोवीनशी तिचा संबंध नाही. आणि तिच्या मरणात फक्त परी नव्हती, स्वतःच्या पैशाने हॅट घालून फिरणारी बाई नवऱ्याला खुपत होती, असं तो खटला अभ्यासणाऱ्या बऱ्याच जणांनी म्हटलंय. समजूत हे हत्यार झालं. हात नवऱ्याचा होता.

विवेकवाट

हत्यार घरात तयार ठेवलेलं होतं, म्हणून हाताला लागलं. ब्लॅकबेरीचंही तसंच. नोव्हेंबरच्या गारठ्यात ती पाणचट होते, बुरशी धरते, खाऊ नका म्हणणं बरोबर आहे. त्यासाठी पूका कशाला? बुरशी म्हणा.

मीठभाकर

बुरशी म्हणून सांगितलं तर माझी मुलगी खाते. पूका म्हटलं की खात नाही. पण तुमचा मुद्दा कळतो.

एक गोष्ट सांगते, तिच्यावर तुम्ही काय म्हणता ते बघू. आमच्या शेजारच्या आजी नव्वदीला टेकल्या आहेत. दर ३१ ऑक्टोबरला आम्हाला बोलावतात, ब्रॅक कापतात, बश्या मांडतात. पहिल्या वर्षी माझा हात पाण्यावर पडला. सगळे हसले, ही तर आधीच समुद्र ओलांडून आलीय. रात्री घरी येऊन मी आईला फोन केला आणि काही न सांगता बराच वेळ बोलत राहिले.

त्यांच्याकडे मातीची बशी नसते. मी विचारलं. त्या म्हणाल्या, त्यांच्या लहानपणी असायची. एका वर्षी धाकट्या बहिणीचा हात मातीवर पडला. इस्टरच्या आत ती क्षयाने गेली. त्यानंतर त्यांच्या आईने मातीची बशी कधी मांडली नाही, त्यांनीही नाही.

विवेकवाट

त्या काळी आयर्लंडमध्ये क्षयाने घरंच्या घरं गेली. मातीवर हात न पडलेलीही गेली. बहीण तेव्हाच आजारी असणार, म्हणून ते लक्षात राहिलं. ज्या शेकडो घरांत मातीवर हात पडून काहीच झालं नाही, ती गोष्ट कुणी कुणाला सांगत बसलं नाही.

मीठभाकर

हे सगळं आजींनाही कळतं. त्या चाळीस वर्षं नर्स होत्या. मी एवढंच विचारते: तुमच्या घरी हा खेळ मांडलाय, डोळे बांधून समोर तुमची आई बसलीय. मातीची बशी ठेवाल?

विवेकवाट

दोन दिवसांनी उत्तर देतोय, कारण लगेच दिलं असतं तर 'हो' लिहिलं असतं.

आई ऐंशीची आहे. फेब्रुवारीत रुग्णालयातून घरी आली. नाही ठेवणार. बशीने काही होणार नाही हे मला पक्कं माहीत आहे. पण पट्टी सोडल्यावर बोटाला लागलेली माती बघून तिच्या चेहऱ्यावर जे उमटेल, ते मला बघवणार नाही. ब्रिजेट क्लिअरीबद्दल लिहिलेला एकही शब्द मात्र मी मागे घेत नाही.